ते पत्र मी धाडलंच, अक्का

वच्छाक्का,

परवा तुझ्या शोकसभेत तीन जणांनी तुला ‘शांत स्वभावाच्या’ म्हटलं. मी मागच्या रांगेत बसले होते. शेजारी तुझी सून होती. तिनं माझ्याकडं पाहिलं आणि आम्ही दोघींनी माना खाली घातल्या, हसू येत होतं म्हणून. समोर तुझा हार घातलेला फोटो होता, आधार कार्डावरचा मोठा केलेला. त्यात तू फोटोवाल्यावर चिडलेली दिसतेस. त्या हॉलमध्ये तेवढंच काय ते खरं होतं.

एका वक्त्यानं तुला ‘वस्तीतल्या लेकरांची आई’ म्हटलं. ते ऐकून तू उठून गेली असतीस. कुणी तुला असं म्हटलं की तू सरळ सांगायचीस, “मला माझे दोन हायेत, त्येच बास. ह्या लेकरांच्या आया जित्या हायेत. कंपनीत गेल्यात, संध्याकाळी येतील.”

मला बोलायला बोलावलं तर मी नको म्हणाले. तिथं जे सांगता आलं नसतं तेच माझ्याकडं आहे. म्हणून हे लिहिते आहे.

मी तुझ्याकडं आले तेव्हा बावीस वर्षांची होते. आजोबा निजामाच्या अमलात उर्दूतून दप्तर लिहायचे, वडील कलेक्टर कचेरीत कारकून. कागद हाच आमच्या घराचा धंदा. मी इंग्रजी घेऊन बी.ए. झाले आणि क्रांती चौकाजवळ एका कापडदुकानाच्या माडीवर आपल्या संस्थेची कचेरी होती, तिथं नोकरीला लागले. पैसा परदेशातून यायचा. तिकडचं एक कुटुंब इथल्या एका लेकराला ‘घ्यायचं’. लेकराला दूध, वह्यापुस्तकं, औषध मिळायचं. बदल्यात त्यानं वर्षातून तीन पत्रं पाठवायची आणि एक फोटो. पत्रं मराठीतून इंग्रजीत आणि इंग्रजीतून मराठीत करायची, हे माझं काम.

लेकरं तुझ्याकडं होती. चिकलठाण्याकडं जाणाऱ्या रस्त्याच्या खाली, नाल्याकाठी. तिथं तेव्हा एकामागून एक कंपन्या उभ्या राहत होत्या, आणि त्या बांधायला आलेली माणसं बांधून झाल्यावर परत गेली नव्हती. पत्र्याच्या एका खोलीत तुझी बालवाडी. पहिल्या दिवशी मी इस्त्रीची साडी नेसून, हातात वही घेऊन दारात उभी राहिले. तू वर पाहिलंस आणि म्हणालीस, “वही ठिवा तिकडं. आधी ह्येंची नाकं पुसा.”

मी पुसली. दुपारपर्यंत माझा पदर खराब झाला होता आणि तू मला ‘अहो कुलकर्णीबाई’वरून ‘ए सुधे’वर आणलं होतंस.

तुझं माहेर गोदाकाठचं, सासर पिशोरचं, दोन्हीकडं मेंढरं. नवरा कंपनीत वॉचमन लागला तशी तू शहरात आलीस. “पिशोरच्या मेंढक्यांत सातवी पास बाई एकच, ती म्हंजी मी,” हे तू मला पहिल्या आठवड्यातच ऐकवलंस. एकदा परदेशातून एका पोरासाठी लोकरीचे मोजे आणि टोपी आली, ऐन मे महिन्यात. मी ते कपाटात ठेवायला निघाले. तू टोपी हातात घेतलीस, दोन बोटांत लोकर चोळून पाहिलीस आणि म्हणालीस, “मेंढरू चांगलं चरलेलं हाय.” मग त्या घरच्या बाईनं पत्रात जे काही लिहिलं होतं ते तू माझ्याकडून दोनदा वाचून घेतलंस. त्यांच्याकडं बर्फ पडतो म्हणजे काय, हे पोरांना सांगायची जबाबदारी तुझ्यावर आली. तू म्हणालीस, “आभाळात कुणीतरी पिठाची गिरणी उघडी ठिवती.” पोरांना पटलं. पुढं दोन वर्षं पोरं पत्रात विचारत राहिली की तुमच्याकडं दळण कसलं असतं. मी ते वाक्य दर वेळी गाळायचे.

गाळायची सवय मला होतीच, हे इथं नोंदवून ठेवते. पण ज्या वेळी गाळायला हवं होतं त्या वेळी मी गाळलं नाही. आपलं भांडण त्याच्यावरूनच.

विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव झाला आणि मराठवाडा पेटला. शहरात बंद, दगडफेक, संचारबंदी. गावोगाव वस्त्या जाळल्या. आमच्या घरी माझा थोरला भाऊ विद्यार्थ्यांच्या कृती समितीत होता, नामांतराच्या विरोधातल्या. जेवताना तो सांगायचा की गावांत काही झालेलं नाही, पेपरवाले फुगवतात. वडील ताटाकडं बघून जेवायचे. मी दोनदा काही बोलायला गेले तेव्हा आईनं मला वाढायला सांगितलं.

त्याच दिवसांत नाल्याकाठी नवी माणसं यायला लागली. गाठोडं, एखादं भांडं, ताडपत्री. ती कंपनीत कामाला आलेली नव्हती.

एका सकाळी तू दूध वाटत होतीस. लेकरं पेले घेऊन रांगेत. गयाबाई आठ-नऊ वर्षांच्या पोरीला हाताला धरून आली आणि दारातच थांबली. तुझ्याकडं बघत राहिली.

“तू बाळाजीची भैन का?” तिनं विचारलं.

“व्हय,” तू म्हणालीस.

गयाबाईनं पोरीला वळवलं आणि आल्या पावली परत गेली. तू रांगेतले सगळे पेले भरलेस, एकही सांडला नाहीस. मग पळी माझ्या हातात दिलीस आणि तिच्या मागं गेलीस.

तिथं काय झालं ते मला गयाबाईनं त्याच आठवड्यात सांगितलं, मी तिच्या पोरीचा फॉर्म भरायला गेले तेव्हा. ती तुझ्या माहेरच्या गावची, बौद्धवाड्यातली. तिचा नवरा हात मोडून घाटीच्या सरकारी दवाखान्यात पडलेला होता. तू तिच्या ताडपत्रीच्या बाहेर जमिनीवर बसलीस. आत आली नाहीस, तिनंही ये म्हटलं नाही. तू विचारलंस, “भाऊ व्हता का त्येंच्यात?”

“व्हता.”

“हातात काय व्हतं?”

“राकेलचा डबा.”

मग उठताना म्हणालीस, “उंद्या पोरीला धाड. दूध असतंय.”

तीन दिवस गयाबाईनं पोरीला धाडलं नाही. चौथ्या दिवशी धाडलं. पोरगी म्हणजे पंचशीला.

तिला परदेशातले पालक लवकर मिळाले. निवृत्त शिक्षक नवराबायको, मूलबाळ नसलेले. पहिलं पत्र लिहायला मी पंचशीलाला समोर बसवलं. इतर पोरं लिहायची तसं ‘मी मजेत आहे, तुम्ही मजेत असा’ एवढं लिहून घ्यायचं होतं. मी विचारलं, “तुझ्या घराबद्दल काय सांगू त्यांना?” ती म्हणाली, “घर जाळलं.” मग मी विचारत गेले आणि ती सांगत गेली. बाप कुठून पळाला, आई उसात कशी लपली, कोण कोण ओळखीचं होतं, कुणी नावं घेऊन हाका मारल्या. आवाज अगदी सपाट. मध्येच तिनं विचारलं, “बाई, दूध थंड झालं का?”

मी दोन पानं इंग्रजी लिहिली. एवढं चांगलं इंग्रजी मी त्याआधी कधी लिहिलं नव्हतं. तू इंग्रजी वाचायची नाहीस, पण दर पत्र बाहेर जाण्याआधी माझ्याकडून मराठीत ऐकायचीस, तसं तेही ऐकलंस. लेकरं घरी गेली होती. तू पेले विसळत होतीस.

“निम्मं काढ,” तू म्हणालीस.

“कोणतं?”

“आगीचं समदं.”

“खरं आहे ते, अक्का.”

“खरं हाय म्हणून तर म्हणायले. पैल्याच चिठ्ठीत हे गेलं तर ती पोरगी त्येंच्यासाठी जन्मभर जळल्या घराचीच ऱ्हाईल. तिला आधी हितं नीट बसू दे. पुढं तिला वाटलं तर ती सांगंल.”

“आणि तोवर कुणालाच कळायचं नाही? सगळे म्हणतात काही झालंच नाही.”

“कोण म्हणतंय?”

मी पत्राची पानं जुळवली. आमच्या घरी म्हणत होते. मी ते पत्र त्या परदेशातल्या नवराबायकोला लिहिलंच नव्हतं, अक्का. माझ्या भावाला लिहिलं होतं. त्याच्यासमोर तोंड उघडायची हिंमत नव्हती म्हणून दुसऱ्याच्या लेकराच्या तोंडून, दुसऱ्या भाषेत, दुसऱ्या देशात लिहिलं. हे मला तेव्हा कळत नव्हतं. कळलं तेव्हाही तुला सांगितलं नाही.

मी तुला म्हणाले, “तुझ्या भावाचं उघडं पडेल म्हणून तुला नको आहे.”

तू हातातला पेला खाली ठेवलास. “त्याचं नाव न्हाई ह्यात,” एवढंच म्हणालीस. मग राहिलेले पेले विसळलेस, पालथे घातलेस आणि कुलूप लावून गेलीस. मी दुसऱ्या दिवशी पत्र टाकलं.

त्यानंतर तू चार दिवस रजा घेतलीस. कुठं जातेस ते सांगितलं नाहीस. पिशोरला नाही, हे तुझ्या नवऱ्याकडून कळलं. तो म्हणाला, माहेरी. मी मनाशी ठरवून टाकलं की तू भावाला सावध करायला गेलीस. कचेरीत एकदोघांना तसं बोललेही. तू परत आलीस ती वाळून आली होतीस. मी विचारलं नाही. पंधरा दिवसांनी पंचशीलाचं नाव नगरपालिकेच्या शाळेत तिसरीत दाखल झालं. मला वाटलं, दंगलीतली पोरं म्हणून शाळेनं समजून घेतलं असेल.

पत्राचं पुढं काय झालं ते तुला माहीत आहे, तरी क्रमानं सांगते. ते नवराबायको चांगले होते. त्यांनी पत्र संस्थेच्या तिकडच्या कचेरीला दाखवलं, त्यांनी ते आपल्या पत्रिकेत छापलं. मला वरून शाबासकी आली. थंडीत पहिले पाहुणे आले, कॅमेरा घेऊन. त्यांनी पंचशीलाला विचारलं, मी भाषांतर केलं, तिनं सांगितलं. दोन महिन्यांनी दुसरे आले. तिनं पुन्हा सांगितलं, आता थोडं घाईनं. पाहुण्या बाईनं तिला जवळ घेतलं, तेव्हा ती ताठ उभी राहिली, कुणी अंगाचं माप घेत असल्यासारखी.

तिसऱ्यांदा आमची गाडी वस्तीत शिरताना दिसली आणि पंचशीला बालवाडीच्या मागं जाऊन ओकली. मी गाडीत होते, मला दिसलं नाही. मला दिसलीस तू, दारात उभी. दोन्ही हात चौकटीला.

“पोरगी न्हाई,” तू म्हणालीस.

आपल्या कचेरीचे साहेब पुढं झाले. पाच मिनिटांचं काम आहे, लांबून आलेत, वगैरे. तू हलली नाहीस. पाहुणी बाई माझ्याकडं बघत होती, ही काय म्हणते म्हणून. तू माझ्याकडं वळलीस आणि अगदी हळू म्हणालीस, “ह्येन्ला सांग. घर जळत व्हतं तवा ह्या लेकराला कुणी इचारलं न्हाई. आता रोज इचारायलेत. बास म्हणावं.”

मी पाहुण्या बाईला इंग्रजीत सांगितलं, मुलीला जरा बरं नाही.

बाईनं तुझ्याकडं बघून मान हलवली, सहानुभूतीनं हसली आणि सगळे गाडीकडं वळले. तू मला नंतर म्हणालीस, “मी जे बोलले त्याच्यावर माणूस हसत न्हाई. काय सांगितलंस तू?” मी म्हणाले, तेच. तू म्हणालीस, “नगं सांगू.” माझं ‘तेच’ खोटं होतं हे आपल्या दोघींनाही कळलं होतं.

साहेबांनी तुझ्याकडं लेखी माफीनामा मागितला. तू लिहून दिलंस, ‘मी दारात उभी राहिले. परत तशी वेळ आली तर परत उभी राहीन. व. पां.’ तुला कामावरून घरी बसवलं. बालवाडीत दुसरी बाई नेमली, चांगली होती बिचारी. पण लेकरं आली नाहीत. आयांनी धाडलीच नाहीत. पहिल्यांदा कुणी थांबवलं असेल तर गयाबाईनं. ती घरोघर गेली आणि म्हणाली, “वच्छाबाई येत न्हाई तवर आपल्या लेकरांला कोरा च्या पाजू.” दोन महिन्यांनी साहेब स्वतः तुझ्या घरी आले. तू त्यांना पाणी दिलंस, बसायला पोतं दिलंस आणि एकच अट घातलीस. पाहुणे आले की लेकरांनी गाणं म्हणायचं, खाऊ घ्यायचा, बाकी काही नाही. साहेब कबूल झाले. पुढं बरीच वर्षं ती अट पाळली गेली. परवाच्या सभेत हे कुणी सांगितलं नाही, कारण तिथल्या कुणाला ते माहीतच नव्हतं.

माझ्याशी तू कामापुरतं बोलत राहिलीस. भांडली असतीस तर बरं झालं असतं. पुढं माझं लग्न झालं, लेक झाली, आई आजारी होती, घरात करणारं कुणी नव्हतं. एका सकाळी तू दारात आलीस, म्हणालीस, “पाणी तापव.” सव्वा महिना रोज आलीस. बालवाडी उघडायच्या आधी माझ्या लेकीला न्हाऊमाखू घालून जायचीस. पायांवर तिला पालथी घेऊन तिच्याशी बोलायचीस, माझ्याशी नाही. “तुझी आई लई शानी हाय बरं. इंग्रजी लिवती. तू नगं तेवढी शानी होऊ.” मी मोरीच्या दारात टॉवेल घेऊन उभी असायचे. आपण पुन्हा बोलायला लागलो ते असं, लेकराच्या पाठीवरून.

ज्या भावाला उद्देशून मी ते पत्र लिहिलं त्याच्याशी माझं कधी भांडण झालं नाही. तो बँकेत लागला, निवृत्त झाला. त्याला आता ते दिवस आठवतात तेव्हा तो ‘त्या वेळी सगळेच वेडे झाले होते’ असं म्हणतो. मी वाढते.

मग पुष्कळ वर्षांनी विद्यापीठाचा निकाल लागला. नामविस्तार झाला. दुसऱ्या दिवशी क्रांती चौकात ही गर्दी. निळे झेंडे, पांढऱ्या साड्या, ढोल. मी रिक्षातून जात होते, रिक्षा अडकली. रिक्षावाला म्हणाला, “उतर जाओ बाजी, आज नईं हलती ये.” उतरले आणि समोर तू. डोक्यावर पदर, हातात पिशवी. बरोबर पंचशीला आणि गयाबाई. पंचशीला शिक्षिका झाली होती, जिल्हा परिषदेच्या शाळेत, लासूर स्टेशनला पहिली नेमणूक मिळाली होती. आपण चौघी एका हॉटेलात चहाला बसलो. बाहेर एवढा आवाज होता की वाकून बोलावं लागत होतं.

शाळेच्या गोष्टी निघाल्या. पंचशीला सहज म्हणाली, “तेव्हा अक्कांनी दाखला आणला नसता तर मी तिसरीतच संपले असते.”

मी म्हणाले, “कसला दाखला?”

तिला वाटलं होतं मला माहीत असेल. नगरपालिकेच्या शाळेनं गावच्या शाळेचा दाखला मागितला होता. गयाबाईच्या घरचं कुणी गावात पाय ठेवू शकत नव्हतं. तू गेलीस. हेडमास्तर भ्यालेले, आज या उद्या या करत होते. तू भावाच्या घरी गेलीस आणि ओट्यावर बसलीस. आत गेली नाहीस. त्यांच्या घरचं पाणी घेतलं नाहीस. भावजय भाकरी घेऊन आली, तू ताट परत पाठवलंस. तुझी आई रडली. गावातले लोक येऊन बघून गेले. तिसऱ्या दिवशी दुपारी बाळाजी उठला, पायात चपला घातल्या आणि तुझ्याबरोबर शाळेत आला. हेडमास्तरांना म्हणाला, “दाखला द्या हिला.” तू दाखला घेतलास आणि तिथूनच निघालीस. पुन्हा माहेरी गेली नाहीस, आई वारली तेव्हाही. भाऊबीजेला बाळाजी दोनदा वस्तीत आला होता. तू त्याला गयाबाईच्या दारात नेलंस आणि म्हणालीस, “आधी हिथं बस.” तो बसला नाही. तिसऱ्यांदा आला नाही.

गावात घडलेलं हे सगळं गयाबाईला तुझ्या भावजयीच्या माहेरच्या कुणाकडून कळलं होतं. तू तिलाही सांगितलं नव्हतंस.

मी तुझ्याकडं वळले. माझा चहा तसाच होता. “तू बोलली का नाहीस मला?”

तू बशीत चहा ओतलास. “तू इचारलंस कुठं? तू सांगितलंस.”

“मी कचेरीत काय काय बोलले तुझ्याबद्दल.”

“म्हायती हाय.”

मग मी वाद घालायला लागले, अक्का, माफी मागायच्या ऐवजी. मला तेच जमतं. मी म्हणाले, पण ते पत्र गेलं म्हणूनच त्या नवराबायकोनं हिला डी.एड. होईपर्यंत धरून ठेवलं. इतर पोरांचे पालक दोनचार वर्षांत थकले. लिहिलं म्हणून त्यांना कळलं, कळलं म्हणून त्यांनी सोडलं नाही. हे तू नाकारू शकत नाहीस.

तू बशी तोंडाला लावलीस, खाली ठेवलीस. “व्हय, ते बी हायच,” म्हणालीस. “त्या म्हाताऱ्यांचं लई झालं. पर पोरगी मागं जाऊन ओकली, ते बी हाय. तू जे लिवलंस ते खोटं न्हवतं. तुझं न्हवतं, एवढंच.”

पंचशीला आमच्या दोघींच्या मध्ये बसली होती. ती म्हणाली, “मी इथंच आहे,” आणि भजी मागवली. गयाबाई हसली. तिला एवढी हसताना मी पहिल्यांदा पाहत होते. बाहेर मिरवणूक पुढं सरकली, आपण उठलो.

तो वाद तिथंच राहिला. त्यानंतर तीस वर्षं आपण भेटत होतो, सणावाराला, लग्नाला, दवाखान्यात. मला अजूनही वाटतं, ते पत्र जायला हवं होतं. मला अजूनही वाटतं, ते मी धाडायला नको होतं. दोन्ही एकाच वेळी वाटतं आणि त्यावर तोडगा सापडलेला नाही. तुला सापडला होता असं मला वाटायचं, पण कदाचित तुलाही नसेल. तू फक्त दारात उभी राहिलीस.

शेवटी वाळूजला तुझ्या लेकाकडं आले होते. तू खाटेवर, पायाला पट्टी. मी बसमध्ये सगळं वाक्य जुळवून आले होते: अक्का, मी तुझ्याबद्दल खोटं बोलले, दारात तुझे शब्द बदलले, आणि एकदाही चुकलं म्हणाले नाही. तू विचारलंस, “गुडघे कसे हायेत?” मी गुडघ्यांबद्दल बोलले. डॉक्टर, तेल, चालताना लावायचा पट्टा. तू तक्रार केलीस की सून मीठ कमी घालते. तिनं आतून सांगितलं, डॉक्टरनंच सांगितलंय. मी निघाले तेव्हा तू हात धरून ठेवलास, नेहमीपेक्षा थोडा जास्त वेळ. मला वाटलं, पुढच्या वेळी.

परवा सभेत पंचशीलाला बोलायला उभं केलं. सूत्रसंचालकानं ओळख करून दिली, ‘दंगलीच्या आगीतून वाचलेली बालिका, आज मुख्याध्यापिका’. ती माईकजवळ गेली आणि म्हणाली, “अक्का आमची नखं कापायच्या. फार जोरात धरायच्या, दुखायचं. मी आता माझ्या शाळेतल्या मुलांची तशीच कापते.” एवढं बोलून ती खाली येऊन बसली.

सभा संपल्यावर आम्ही दोघी रस्त्यापर्यंत चालत आलो. मी तिला विचारलं, “मी अक्कावर लिहीन म्हणते. त्यात तुझंही येईल. लिहू का?”

एवढ्या वर्षांत मी तिला हे पहिल्यांदा विचारत होते. रिक्षा आली, तिनं ती जाऊ दिली.

“अक्कांचं लिहा,” ती म्हणाली. “माझं त्यात येईल तेवढं मला दाखवा.”

काल हे सगळं घेऊन मी तिच्या घरी गेले. तिनं चष्मा लावला, लाल पेन घेतलं आणि वह्या तपासतात तसं वाचलं. वाचताना तिच्या चेहऱ्यावरून मला काही कळलं नाही. तिनं माझ्या शुद्धलेखनाच्या दोन चुका सुधारल्या. नाव बदला म्हणाली, आणि ‘पंचशीला’ हे नाव तिनंच सुचवलं. लहानपणी तिला ते हवं होतं म्हणे. मग आगीच्या परिच्छेदावर परत गेली, तिथली दोन वाक्यं सरळ रेघ मारून काढली आणि म्हणाली, “ही माझ्याजवळ राहू द्या.”

मी राहू दिली, अक्का. का म्हणून विचारलं नाही.

तुझी,
सुधा